न वाजलेला भोंगा
लेकीच्या सायकलच्या चेनला तेल देताना बोटांना तो वास लागला आणि देवासची आमची कॉलनी आठवली. बारावीनंतर आयटीआयला कोणता ट्रेड घ्यावा, हे विचारायला बाबांनी मला शेजारच्या फोरमन काकांकडे पाठवलं होतं. दुसऱ्या पाळीला निघायचं म्हणून काका कंपनीचा खाकी शर्ट घालून चहा पीत होते. त्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास कायमचाच. "फिटर घे भिया," काका त्यांच्या माळवी ढंगात म्हणाले, "डोळे मिटून घे. कंपनी आहे तोवर पोटाची चिंता नाही." कारखान्याचा भोंगा झाला की कप ठेवून उठायचं, घड्याळ आमच्याकडे कोणी बघत नसे. त्या दुपारी भोंगा झालाच नाही. चहावर साय धरली. बाहेर माणसं डबे अडकवलेल्या सायकली धरून आपापल्या दारात उभी होती, निघत कोणीच नव्हतं. बाबा पहिल्या पाळीला आत होते. काकूंनी विचारलं, "आज उशीर झाला का हो?" काकांनी साय धरलेला कप बाजूला सरकवला. मग माझ्याकडे न बघता ते हळूच म्हणाले, "तू दुसरं काहीतरी बघ." तो भोंगा पुन्हा कधीच झाला नाही. आता लेक बारावीला आहे. कोणती लाइन घेऊ, म्हणून ती विचारते, तेव्हा उत्तर देण्याआधी मी नकळत भोंग्याचा कानोसा घेतो.