बारा पाकिटं

सेंत-मार्थच्या शाळेत लोरेट नादोबाईंबद्दल एक तक्रार कायम असायची: बाई मुलांच्या वहीला हात लावत नाहीत. मूल एका अक्षराशी झगडत बसलंय, रडकुंडीला आलंय, आणि बाई शेजारी गुडघे टेकून, दोन्ही हात पाठीमागे धरून बसल्यात. पेन्सिल घेऊन एक रेघ काढून द्यायला काय जातं? आया आपापसात म्हणायच्या, "माया आहे हो, पण हट्टी आहे बाई." आमच्या गावाला माणसाचा हट्ट लगेच दिसतो, तो आला कुठून हे बघायची सवड कुणाला नसते.

तो आला होता रेआलमुळे. रेआल म्हणजे लोरेटचा थोरला भाऊ, तिच्याहून एका वर्षानं मोठा.

नदीकाठची दोन खोल्यांची शाळा. एका खोलीत चार इयत्ता, त्यामुळे दोघं भावंडं एकाच छपराखाली, पुढच्यामागच्या बाकावर. घरात सगळं फ्रेंचमधून चालायचं आणि शाळेत तोंड उघडायचं ते इंग्रजीतच. बाकीची मुलं रडतकुढत का होईना, त्यातून पार पडली. रेआलचं अक्षरांशी जमलंच नाही. पोरगा मठ्ठ नव्हता. आकडे त्याला पटापट कळत, आणि एकदा कानावर पडलेलं तो कधी विसरत नसे. एकदाच तो लोरेटला म्हणाला होता, "पुस्तक उघडलं की अक्षरं हलतात गं." लोरेट तेव्हा सात वर्षांची. ती खो खो हसली. पुन्हा तो त्याबद्दल कधी बोलला नाही.

पण हसली तरी जीव होता तिचा त्याच्यावर. शाळेत ड्यूबेबाईंची पट्टी मुलांच्या बोटांवर कशी पडते ते तिनं पाहिलं होतं. मग सकाळी शाळेच्या वाटेवर ती त्याला धडा दोनदा वाचून दाखवायची. रेआल वर्गात उभा राहून पुस्तक समोर धरून तो धडा घडाघडा म्हणायचा, आणि पान कधी उलटायचं ते तिच्या खोकण्यावरून ओळखायचा. घरचा अभ्यास ती लिहायची, मुद्दाम अक्षर डावीकडे कलवून. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. रेआलच्या बोटांवर पट्टी एकदाही पडली नाही, आणि त्याचा लोरेटला केवढा अभिमान.

आमच्याकडे सप्टेंबर सरता सरता शाळेला तीन आठवडे काढणीची सुट्टी असते. लहानथोर सगळे बटाट्याच्या शेतावर. यंत्र सरी उकरत पुढं जातं, मागून आपण वाकून टोपल्या भरायच्या आणि पिंपात ओतायच्या. सुट्टी संपली की मुलं परत वर्गात येतात. एखादा मोठा मुलगा आला नाही, तर कुणी काही विचारत नाही. शेतावर गरज असेल, असं सगळे धरून चालतात. आठवडाभर वाट बघायची, मग त्याचा बाक उचलून मागच्या खोलीत ठेवायचा. तशी रीतच आहे.

रेआल तेरा वर्षांचा असताना काढणीनंतर शाळेत गेला नाही. त्याचाही बाक उचलला गेला. आता नादोंकडे वीतभर शेत नव्हतं. बाप जंगलात लाकूडतोडीच्या तळावर, आई लोकांचे कपडे शिवायची. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तरी कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुझी गरज आहे तरी कुणाच्या शेतावर?

लोरेटनंही विचारलं नाही. तिला तर सुटल्यासारखं वाटलं. आता दोघांचा अभ्यास लिहायला नको.

रेआल राबायला पक्का. एमिल गानियोंच्या शेतावर तो लागला आणि अठराव्या वर्षी मुकादम झाला. मुकादमाचं काम म्हणजे सकाळी प्रत्येकाला त्याचा पट्टा नेमून द्यायचा, कोणी कुठल्या काठीपासून कुठल्या काठीपर्यंत वेचायचं ते सांगायचं. एमिल त्याला तोंडी सांगायचा, रेआल ते जसंच्या तसं डोक्यात ठेवायचा. म्हातारे म्हणायचे, "नादोचं पोरगं कागद नाही बघत, काय डोकं आहे!" आई घरी तीच गोष्ट शेजारणींना तीनतीनदा सांगायची.

त्रेपन्न सालची काढणी. एका सकाळी यंत्राची साखळी तुटली आणि एमिल गडबडीत होता. त्यानं खिशातून कागद काढून रेआलच्या हातात कोंबला. "आज पट्टे बदललेत. तू वाच, मी यंत्र बघतो." आणि गेला.

पन्नास-साठ माणसं टोपल्या घेऊन समोर उभी. लोरेटही होती, सुट्टीच होती तिलाही. तिनं कागद भावाच्या हातात बघितला. पुढं जाऊन कागद घ्यावा असं तिला वाटलं, पण मुकादमाच्या हातातून त्याची बहीण कागद घेते हे दिसलं कसं असतं? ती उभी राहिली.

रेआलनं कागद डोळ्यांसमोर धरला आणि आदल्या आठवड्याचे पट्टे पाठ होते ते म्हणायला लागला. शाळेत म्हणायचा तसेच, न अडखळता.

"पहिला पट्टा, मार्टें. दुसरा, लिझोट. तिसरा, ओनेझिम सिर."

ओनेझिमला दोनच दिवसांपूर्वी पुरलं होतं. खुद्द रेआलनं त्याच्या पेटीला खांदा दिला होता. त्याची बायको आडेलीन टोपली घेऊन तिथंच पुढं उभी होती. तिनं छातीवर क्रूस केला आणि खाली बघितलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "वर जाऊन बोलावून आण त्याला. तिथं बसून काय करतोय?"

मग हशा पिकला. एमिल धावत आला, त्यानं कागद हिसकून घेतला. त्यावर ओनेझिमचं नाव कुठंच नव्हतं. त्यानं कागदाकडे बघितलं, मग रेआलकडे, आणि हळू आवाजात विचारलं, "पोरा, तुला वाचता येत नाही?"

एमिल तसा वाईट माणूस नाही. पण हळू बोललेलं शेतात जास्तच ऐकू जातं.

रेआल टोपी डोक्यावर ओढून चालत निघून गेला. लोरेट टोपली टाकून त्याच्या मागं धावली. तो घरामागं लाकडाच्या ढिगावर बसलेला सापडला.

"मी शिकवते तुला," ती धापा टाकत म्हणाली. "रोज थोडं थोडं. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कुणाला कळू द्यायचं नाही, हेच तर शिकवलंस तू मला इतकी वर्षं," रेआल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तू वाईट नाही केलंस, लोरेट. मार वाचवलास माझा. पण एकदा मार बसला असता ना, तर कुणीतरी विचारलं असतं, या पोराचं काय बिनसलंय म्हणून."

लोरेटनं खाली पडलेली एक ढलपी उचलून ढिगावर ठेवली.

दोन दिवसांनी तो कनेटिकटला निघाला. आमची निम्मी पोरं तिकडच्या कारखान्यांत जातात, त्यामुळे आईला वावगं वाटलं नाही. तिनं प्लॉयची, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यांची, चळत लोणी लावून फडक्यात बांधून दिली. आई लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, आणि शेतातला प्रकार तिला कुणी सांगितला नव्हता. एवढी माणुसकी गावात होती.

लोरेटनं बसथांब्यावर भावाच्या हातात एक पुडकं ठेवलं. तिकिटं लावलेली, घरचा पत्ता लिहिलेली बारा पाकिटं.

"आत काही घालू नकोस. नुसतं चिकटव आणि पेटीत टाक. पाकीट आलं की मी समजेन, तू बरा आहेस."

रेआलनं पुडकं कोटात घातलं. "बरं, मास्तरीण," तो म्हणाला आणि किंचित हसला. दुकानातल्या फोनवर फोन करशील का, असं तिनं विचारलंच नाही. तिथं फोन वाजला की अर्धं गाव कान टवकारतं. आता गावाला आणखी काही ऐकवायची रेआलची तयारी नव्हती.

पहिलं पाकीट आठ दिवसांत आलं. वर हार्टफर्डचा शिक्का. लोरेट ते पोस्टातून घेऊन घरी आली, तर आई दारातच हात पुसत उभी.

"काय लिहितोय? वाच ना."

पाकीट रिकामं आहे असं सांगणं तेव्हाच सोपं होतं. पण आईचा चेहरा बघून लोरेटला ते जमलं नाही. "दुपारी वाचते," म्हणाली, वर गेली, आणि वहीतलं पान फाडून तिनं पत्र लिहिलं. अक्षर आपोआप डावीकडे कललं. खोली बरी आहे, कारखान्यात बिजागऱ्या बनवतात, घरमालकीण रविवारी वाटाण्याचं सूप देते पण तुझ्यासारखं नाही. आई हसली, रडली, आणि पत्राला ओठ लावून तिनं ते संत आनाच्या तसबिरीमागं ठेवलं.

दुसऱ्या पाकिटालाही तसंच. तिसऱ्यालाही. नाताळला तो आला नाही, त्याचं कारणही लोरेटनंच लिहिलं. पाकिटांवरचे शिक्के बदलत गेले: हार्टफर्ड, ब्रिस्टल, मग कुठलंतरी वॉटरबरी. कारखाने बदलतोय की त्याला काढून टाकतायत, ते शिक्क्यावरून कळत नव्हतं. पत्रात मात्र त्याचा पगार वाढत होता.

वसंतात लोरेटनं शिक्षकांच्या कॉलेजचा अर्ज आणला. त्यात एकच मोठा प्रश्न, खाली रिकामं पान: तुम्हाला शिक्षक का व्हायचं आहे? शिफारसपत्रासाठी ती ड्यूबेबाईंकडे गेली. बाई आता थकल्या होत्या, चुलीपाशी पाय शेकत बसायच्या.

"त्यात काय एवढं? लिही, मला मुलं आवडतात. सगळ्या हेच लिहितात आणि सगळ्यांना घेतात."

"बाई, रेआलचा अभ्यास मी लिहायचे," लोरेट एकदम म्हणाली.

ड्यूबेबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मग? मला तुझं अक्षर ओळखता येत नव्हतं का? डावीकडे कलवलं म्हणून काय झालं?"

"मग तुम्ही काहीच का केलं नाही?"

"अडतीस मुलं होती गं, चार इयत्ता, आणि एक शेगडी. तुझा भाऊ दंगा करत नव्हता, न सांगता लाकडं आणून टाकायचा. गप्प बसणारं मूल सोयीचं असतं." बाईंनी पाय चुलीकडे आणखी सरकवले. "मी म्हटलं, आज ना उद्या काढणीनंतर तो येणारच नाही. मग कशाला उकरा? आणि नाहीच आला तो."

त्यांनी शिफारसपत्र दिलं, चांगलं दिलं. लोरेट ते घेऊन घरी आली, पण रस्ताभर तिला बाईंचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. दोघींनी मिळून एक पोरगा किती सफाईनं दडवला होता. अर्जाचं पान तिनं तसंच कोरं ठेवलं.

अकरावं पाकीट एप्रिलमध्ये आलं. मग मे गेला, काही आलं नाही. लोरेटच्या लक्षात आलं की रेआल शेवटचं पाकीट जपून ठेवतोय. ते टाकलं की त्याच्याकडे घरी पोचेल असं काही उरणार नव्हतं, आणि मोजता तर त्याला चांगलं येत होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बारावं आलं. शिक्का पुसट, गावाचं नाव लागत नव्हतं. कडा मळलेल्या होत्या, खिशात बरेच दिवस वागवल्यासारख्या. लोरेटनं पोस्टाच्या पायरीवरच ते उघडलं, कोपरे चाचपले, उजेडात धरून बघितलं. काही नव्हतं.

आई अंगणात कपडे वाळत घालत होती. पाकीट बघून तिनं चिमटे टोपलीत टाकले. "आलं का? बघ, मी म्हटलं नव्हतं? वाच, वाच."

लोरेटनं रिकामं पाकीट तिच्या हातात दिलं. आईनं आत बोटं घातली, ते उलटं करून झटकलं.

"पत्र कुठं पडलं?"

"पत्र नव्हतंच, आई. कधीच नव्हतं. रेआलला लिहिता येत नाही. ती सगळी पत्रं मी लिहिली."

आईनं पाकीट पुन्हा एकदा झटकलं. मग म्हणाली, "ते वाटाण्याचं सूप?"

"तेही मीच."

"मग तो राहतो कुठं?"

"माहीत नाही."

"पुढच्या वेळी तरी..."

"पुढची वेळ नाही आता. मी बाराच पाकिटं दिली होती. संपली."

आई ओल्या चादरीला धरून खाली बसली. लोरेटला वाटलं, ती आता चिडेल, खोटारडी म्हणेल, आणि चिडली तर बरंच होईल. पण आईनं पाकीट गुडघ्यावर ठेवलं, पत्त्याच्या एकेका ओळीवरून, तिला न कळणाऱ्या अक्षरांवरून, बोट फिरवलं, आणि विचारलं, "हे एवढंच लिहायचं असतं का गं? घरी पत्र यायला?"

"हो."

"तीन ओळी?"

"तीन ओळी."

"मग बारा वेळा हा पत्ता लिहीत बसलीस, त्यापेक्षा एकदा त्याच्याकडून का नाही गिरवून घेतलंस?"