‘कब्र की कुंडी’, अंक चौथा

पुण्याहून पहाटेच्या बसनं निघालो तेव्हा माझ्या पिशवीत एक सदरा, सुती हातमोज्यांची जोडी आणि प्लास्टिकची पंचवीस पारदर्शक पाकिटं होती. टॉवेल विसरलो होतो. यावरून माझ्या प्रवासाचा हेतू आणि माझी अक्कल, दोन्हींचा अंदाज यावा. मी बावन्न वर्षांचा गृहस्थ आहे आणि भुताखेतांची जुनी कॉमिक्स गोळा करतो. घरात अंधार असेल तर पाणी प्यायलासुद्धा दिवा लावून जातो, ती गोष्ट वेगळी.

‘कब्र की कुंडी’ ही आमच्या लहानपणी एसटी स्टँडवर मिळणारी बारा अंकांची हिंदी मालिका. त्यातले अकरा माझ्याकडे आहेत. चौथा वीस वर्षं हुलकावणी देत होता. मागच्या आठवड्यात धारूरच्या एका गृहस्थांनी आम्हा संग्राहकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. सासूबाईंच्या पेटीत ही पुस्तकं निघाली आहेत, कुणाला काही उपयोग आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. फोटोत अंगठ्याखाली अर्धा झाकलेला चारचा आकडा दिसला आणि मी दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडायच्या आत त्यांना फोन लावला.

नगर सोडल्यावर बस कडा या गावी चहासाठी थांबली. दसरा होऊन गेला होता. रस्त्यावरून ट्रॅक्टर चालले होते, प्रत्येकामागे दोन दोन ट्रॉल्या आणि त्यांत खाटा, हंडे, कोंबड्या, शेळ्या आणि माणसं. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. एका ट्रॉलीतल्या बाईनं मांडीवर देव्हारा घट्ट धरला होता. मी भज्यांची प्लेट संपवली आणि चौथ्या अंकाचं मुखपृष्ठ नीट असेल का, याची काळजी करत पुन्हा बसमध्ये बसलो.

बीडला गाडी बदलून धारूर गाठायला दुपार टळली. बालाघाटच्या डोंगरात शिरलं की रस्ता वळणं घेतो, दोन्ही बाजूंना सीताफळांची झाडं लागतात, आणि बाया पाट्या घेऊन वळणावर बसलेल्या असतात. किल्ला लांबूनच पाहिला. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यानं किल्ला चढावा, हे मला कळतं. पण वर कॉमिक्स नव्हती.

त्या गृहस्थांच्या सासूबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ बसणाऱ्या. त्यांनी आधी मला भाकरी, पिठलं आणि लसणाचा ठेचा वाढला, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागलेल्या पाहून गूळ पुढे केला. मग पेटी उघडली. आत कडुनिंबाच्या पाल्यात निरनिराळी अकरा कॉमिक्स होती आणि प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती. मी हातमोजे चढवले. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी ते काढून ठेवले.

चौथा अंक सापडला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘नवनाथ, सातवी अ. भूगोलाच्या तासाला जप्त.’

मी म्हणालो, योग्य ती किंमत देईन.

“कुणाला?” बाईंनी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा त्या कड्याजवळच्या एका गावात शिकवत होत्या. वर्गात धरलेली पुस्तकं निकालाच्या दिवशी ज्याची त्याला परत द्यायची, असा त्यांचा नियम होता. ही अकरा ज्यांची, ती मुलं निकालाला आलीच नव्हती. आईबापांबरोबर कोयत्यावर (ऊसतोडीला) गेली आणि वर्गात परत आली नाहीत.

“माझी नाहीत ती,” बाई म्हणाल्या. “नवनाथ गावातच असतो, मेंढरं राखतो असं ऐकलंय. त्याला विचारा. तो ‘घ्या’ म्हणाला तर तुमचं.”

आणि त्यांनी तो अंक चक्क माझ्या हातात दिला. मला फार अपराधी वाटलं. कारण कड्याला न उतरता थेट पुण्याला जायचा विचार माझ्या मनात तोवर येऊन गेला होता.

रात्री मुक्काम तिथंच केला. टॉवेल जावयांनी दिला. सकाळी निघालो आणि बीडला गाडी बदलली. आष्टी जाईपर्यंत मी स्वतःला पटवून दिलं की तीस-बत्तीस वर्षांनी कुणाला आठवणार आहे, आणि मेंढपाळाला कॉमिक्सचं काय करायचंय. माझं तिकीट कड्यापर्यंतचं होतं. मी कंडक्टरला म्हणालो, नगरपर्यंत वाढवून द्या. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तो म्हणाला, कड्याला गर्दी उतरली की देतो, तिथं जरा खाली उतरून वाट मोकळी करा. मी उतरलो. माझ्यामागे तीस माणसं उतरली, समोरून चाळीस चढली, आणि बस निघून गेली. माझ्या प्रामाणिकपणाची हकिकत एवढीच आहे.

आता उतरलोच होतो, म्हणून रिक्षा करून गावात गेलो. नवनाथ माळावर सापडला. पंचेचाळिशीचा, उंच, खांद्यावर घोंगडं. मी बाईंचं नाव सांगितलं आणि अंक पुढे केला. त्यानं चिठ्ठी वाचली, मग बराच वेळ मुखपृष्ठाकडे पाहत राहिला.

“बाई हायत अजून?” त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. तो लिंबाखाली बसला, जिभेला बोट लावलं आणि पान उलटलं.

मी आयुष्यात पुष्कळ भयकथा वाचल्या आहेत, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. प्रत्येक पानाला थुंकी लागत होती. एक मेंढी माझ्या पिशवीतलं पाकीट चघळत होती, तिकडे माझं लक्षही गेलं नाही. मधेच एका पानावर तो थांबला.

“इथवर आलतो. इथंच बाईंनी धरलं,” तो म्हणाला. पुढची पानं त्यानं ओठ हलवत, हळूहळू वाचली. शेवटी कळतं की कबरीची कडी वाजवणारं भूत खोटं, इस्टेटीसाठी मुनीमच ते सोंग घेत होता. नवनाथनं पुस्तक मिटलं.

“भूत न्हवतंच व्हय,” तो म्हणाला. “मी तर लई येगळं सांगितलं.”

कुणाला, असं मी विचारलं. तेव्हा हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. त्या साली आई-बाप उसात गेले की तो आणि पाच वर्षांची बहीण सखू कोपीत (उसाच्या पाचटाच्या खोपटात) दिवसभर दोघंच असायची. वारा आला की पाचट वाजायचं आणि ती रडायची. मग तो तिला ही गोष्ट सांगायचा. शेवट माहीत नव्हता म्हणून त्यानं तो रचला. कबरीतला माणूस वाटेत मेलेला आहे, त्याला कुणाला घाबरवायचं नाही, फक्त आपल्या गावाला जायचंय म्हणून तो कडी वाजवतो. कडी काढली की तो निमूट चालत घरी जातो.

“मग ती भ्यायची न्हाई,” तो म्हणाला. “पाचट वाजलं की म्हणायची, दादा, त्यो घरी निघाला.”

त्यानं आपल्या फडक्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे ठेवली. आम्ही खाल्लं. मग त्यानं अंक माझ्या हातात दिला. “न्या. तुमी एवढे लांबून आलात.”

मी पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. तेवढ्यात तो सहज बोलावं तसं म्हणाला, सखू आता आष्टीकडं दिलीय, उद्या तिची पण गाडी भरतीय. नवराबायको सहा महिने उसाला चाललेत. तिला अजून वाटतं की पुस्तकबिस्तक काही नव्हतं, सगळं दादानंच रचलेलं.

“मग तिला दाखवा की,” मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. वीस वर्षं शोधलेली वस्तू माझ्या हातात होती. तरी मी ती परत दिली. नवनाथनं ती आनंदानं घेतली, मधोमध घडी घातली, वरून अंगठ्यानं दाबली आणि सदऱ्याच्या खिशात कोंबली. संग्राहकाच्या लेखी तो अंक त्या क्षणी संपला. मी दुसरीकडे बघत राहिलो.

नगरच्या बसमध्ये बसल्यावर मात्र पश्चात्ताप झाला, आणि तो सुप्यापर्यंत टिकला. बाईंना फोन करून काय झालं ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “पूर्ण वाचलं का त्यानं?” मी हो म्हणालो. बरं झालं, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

घरी पोचलो तेव्हा माधुरी, माझी बायको, मेथी निवडत होती. मिळालं का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणालो आणि का नाही ते सांगायला बसलो. नवनाथनं सखूसाठी रचलेल्या शेवटापर्यंत आलो तेव्हा तिचे हात थांबले. मग तिनं कपाटाकडे बघितलं.

“तेवीस वर्षं ही पुस्तकं या घरात आहेत,” ती म्हणाली. “एक गोष्ट तरी सांगितलीस का कधी मला?”

खरंच सांगितली नव्हती. मी पाकिटं मोजली होती, क्रमांक घातले होते, दमट हवेपासून जपली होती. पाकिटातलं पुस्तक वाचायचं असतं हे मलाही गेली काही वर्षं आठवलं नव्हतं. म्हणून तिच्यासमोरची अर्धी जुडी ओढून घेतली आणि पहिल्या अंकापासून सांगायला लागलो. तिसऱ्या पानावर चेटकीण आली तशी माधुरी म्हणाली की देठं जाड घेतो आहेस, आणि मग पुढे काय झालं ते सांग.