नाव घ्या, वहिनी!

माझी पहिली कादंबरी छापून आली ती माझ्या नवऱ्याच्या नावानं. आमच्यात ते ठरूनच झालं होतं. बाईनं लिहिलेली कादंबरी म्हटल्यावर नागपूरच्या प्रकाशकानं ती न वाचताच परत धाडली होती. तेव्हा हे म्हणाले, "माझं नाव घाल, मला काय फरक पडतो?" हे बुलढाण्याच्या कचेरीत कारकून. मी यांचं नाव घातलं, बाड पुन्हा बांधलं, नांदुऱ्याहून रेल्वेनं रवाना केलं, आणि तोच प्रकाशक म्हणतो कसा, लेखणीत मर्दानी जोर आहे! आता हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

पुस्तक गाजलं. कचेरीत यांना 'लेखकसाहेब' म्हणू लागले. आधी हे लाजायचे, मग लाजणं थांबलं. एकदा ओसरीवर पाहुण्यांना सांगत होते, "रात्र-रात्र जागून लिहितो." मी हातातला चहा असा आदळला की निम्मा बशीत आला. जागून म्हणे! पाठ टेकली की घोरणारा माणूस. मी लिहायची दुपारी, जेवणं उरकल्यावर, ज्वारीच्या कणगीला टेकून. यांनी तर तिसऱ्या प्रकरणापुढे वाचलंही नव्हतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून रोजचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायची. त्या माझ्याहून जास्त तापल्या. "काऊन वं? राबतं तू अन् मिरवते तो? बोल न त्याले!"

"बोलले, आत्याबाई. म्हणतात, पुस्तकावर नाव कोणाचं आहे?"

"मंग चारचौघांत सांग."

पण चारचौघांत बाईनं तोंड उघडायचं कधी, तर नाव घ्यायला. एरवी नवऱ्याचं नाव उच्चारलं तर त्याचं आयुष्य घटतं, हे आत्याबाईंनीच मला शिकवलेलं. उखाण्यात घेतलेलं तेवढं चालायचं.

मग वाचनालयानं यांचा सत्कार ठरवला. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही बाया बाजूच्या सतरंजीवर. अध्यक्ष एक वकील होते. त्यांनी विचारलं, "साहेब, तुमची नायिका शेवटी माहेरी का जात नाही हो?" यांचा चेहरा पडला. "ते... वाचकांनीच ठरवावं," म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या! ज्या शेवटासाठी मी चार वेळा पानं फाडली, तो यांना ठाऊकच नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वरून अध्यक्षांनी जाहीर केलं की साहेबांची दुसरी कादंबरीही लवकरच येते आहे. हे हसून मान डोलवत होते. दुसरी कादंबरी! ती कणगीमागे अर्धी लिहून पडली होती, आणि ती मी जीव गेला तरी देणार नव्हते. आज गप्प बसले तर तीही गेली, हे मला लख्ख कळलं.

तेवढ्यात अध्यक्षांना गंमत सुचली. "एवढ्या मोठ्या लेखकाच्या पत्नी इथं बसल्या आहेत. नाव घ्या, वहिनी!"

बायांनी मला ढोसून उभं केलं. पहिली ओळ सगळ्यांना पाठ असलेली, दुसरी माझी.

"पळसाच्या पत्रावळीवर वाढला वरण-भात,
पुस्तकावर नाव ...रावांचं, पण लिहिणारा माझा हात."

बाया सवयीनं हसल्या आणि मग एकदम थांबल्या. अध्यक्ष यांच्याकडे बघत राहिले. मी उभीच होते. म्हटलं, "नायिका माहेरी जात नाही, कारण तिथं तिच्या नावाचं काही उरलेलं नाही. आणखी काही विचारायचं असेल तर मला विचारा." यांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

घरी आल्यावर हे म्हणाले, "घरात सांगायचं होतंस. चारचौघांत माझं नाक कापलंस."

"घरात रोज सांगत होते," मी म्हटलं. "ऐकणारा लेखक झाला होता."

दुसरी कादंबरी माझ्या नावानं गेली. दोन प्रकाशकांनी परत केली, तिसऱ्यानं छापली. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी हे रागानं न जेवता आत जाऊन निजले. आत्याबाईंनी यांचं वाढलेलं ताट झाकलं आणि माझ्याकडे वळल्या.

"नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य घटते म्हनत होती न मी? काही नाही घटत, माय. याचं त एक पुस्तक घटलं फक्त."