आश्रुबाचं न हरवलेलं रेडकू

साठी उलटल्यावर आश्रुबाला एक खोड लागली. तो सकाळी उठून हिंडायला जाऊ लागला. वडवणीकडच्या त्या गावात माणूस शेताला जातो, बाजाराला जातो, बांधावर भांडायला जातो. नुसता हिंडायला कुणी जात नाही. त्यात आश्रुबा आणि त्याची बायको भिवराबाई, दोघांची हयात ऊसतोडीत गेलेली. दिवाळी झाली की कारखान्यावर, ते गुढीपाडव्याला परत. फाल्गुनात आपल्या गावचा डोंगर कसा दिसतो, हे कोयता खाली ठेवल्यावर यंदाच कळत होतं.

आणि दिसतही होता झकास! पळसाला पान म्हणून उरलेलं नाही, सगळी फुलंच. आंब्याखाली मोहराचा वास. आश्रुबा दगडावर बसायचा आणि काही म्हणजे काही करायचा नाही. त्याला त्याची चटकच लागली.

अडचण एकच. वाटेत भेटेल तो विचारायचा, "कुनीकडं ओ तात्या?" "हिंडायलोय," म्हटलं की लोक काळजीनं तोंडाकडं बघायचे. एकानं तर दवाखान्यात न्यायची तयारी दाखवली. शेवटी वैतागून आश्रुबानं ठोकून दिलं, "बाजारातून आनलेलं रेडकू वाटंतच सुटलंय. तेच हुडकायलोय." झालं! रेडकू हुडकणारा माणूस कुठंही जाऊ शकतो, कितीही वेळ बसू शकतो.

भिवराबाईला असलं रिकामं बसणं जमणारं नव्हतं. तिनं परसात वांगी लावली, मिरच्या लावल्या, कडेनं झेंडू लावला, कुडावर दोडक्याचा वेल चढवला. भांड्यांचं पाणीसुद्धा ती झाडांनाच घालायची. आपण लावलेलं झाड फळाला आलेलं बघणं तिच्या नशिबी पहिल्यांदा आलं होतं. परळीला लेकीकडं जाताना तिनं नवऱ्याला बजावलं, "पानी घाला आन फाटक लावून घेत जा. म्या आल्यावर पहिलं वांगं भाजून दोघं खाऊ."

पाणी त्यानं इमानानं घातलं. फाटकही लावलं. पण ती यायची त्याच दिवशी, आश्रुबा पळसाखाली बसलेला असताना, शेजारच्या बिभीषणला माळावर एक मोकाट रेडकू दिसलं. बिभीषण भला माणूस. तात्याचं रेडकू त्यानं ओढत आणलं, फाटक उघडून परसात शेवग्याला बांधलं आणि पुण्य पदरात पाडून चहा प्यायला गेला. दावं चांगलंच लांब होतं.

आश्रुबा परतला तेव्हा परसात तेवढा झेंडू उरला होता. रेडकू दोडक्याच्या वेलाचं टोक चघळत होतं. दावं सोडायला आश्रुबा वाकला, तोच कुडापलीकडून आरोळी आली, "सापडला चोर!" पल्याडच्या वस्तीवरचा रामप्रसाद आपलं रेडकू शोधत आला होता.

बिभीषण धावत आला. "चोर कुनाला म्हनतो बे? लई दिसांपासून हुडकायलाय मानूस. सारं गाव साक्षीला हाय!" आणि खरोखरच सारं गाव साक्षीला जमलं. त्या गर्दीत हातात पिशवी घेऊन भिवराबाई उभी होती. बसमधून उतरून ती थेट इथंच येऊन ठेपली होती.

गप्प बसावं तर चोर, बोलावं तर खुळा. आश्रुबानं बायकोकडं बघितलं आणि मान खाली घातली. "रेडकू माझं न्हाई. माझं काय हरवलंच नव्हतं. म्या नुसता हिंडत व्हतो."

कुणाचाही विश्वास बसला नाही. "तात्या भेलाय," बिभीषण म्हणाला. रामप्रसादलाही ते पटेना. "नुसतं कुनी हिंडतं का?"

भिवराबाई पुढं झाली. तिनं दावं सोडून रामप्रसादच्या हातात दिलं. "ने बाबा तुझं. खरं बोलायलेत ते. रेडकू घ्यायचं असतं तर मला इचारल्याबिगर घेतलं असतं व्हय?"

यावर मात्र कुणाचंच दुमत नव्हतं. लोक पांगले.

भिवराबाई वांग्याच्या खुंटांजवळ जाऊन बसली. "जलमभर लोकांचा ऊस तोडला," ती हळूच म्हणाली, "एक येल आपला लावला व्हता." तिनं शिव्या दिल्या असत्या तर आश्रुबाला बरं वाटलं असतं. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि ते कुठं ठेवावं हे कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती पदराला हात पुसत उठली.

"सकाळी मला बी उठवा."

"कावून?"

"बघू द्या तरी, माझ्या वांग्यापरीस भारी काय हाय तिकडं."