आप्पांचा कोरडा समोसा

महेशचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईला डोळे तपासायला गेले होते. डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले, समोरचं सगळं धूसर, त्यामुळे कुणाचा फोन आहे हे न बघताच उचलला. "आत्या, कुटं हाईत तुमी?" एवढंच तो म्हणाला. मागून वहिनींचा आवाज येत होता. कळायचं ते मला कळलं... तरी मी विचारलं, "आप्पांनी काय खाल्लं होतं?" भाऊ गेल्याचं कळल्यावर बहिणीच्या तोंडून पहिला प्रश्न हा निघावा, याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही नंतर वाटलं. पण आमच्या घरात गेले कित्येक महिने सगळी बोलणी, सगळी भांडणं याच एका प्रश्नापाशी येऊन थांबत होती.

आप्पा म्हणजे माझे थोरले भाऊ. केजला एसटी स्टँडच्या अलीकडे त्यांचं हॉटेल. आमच्याकडे हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दर्शनी कढई, मागे चार टेबलं आणि भिंतीवर महादेवाचा फोटो. वडिलांनी सुरू केलं, आप्पांनी नावारूपाला आणलं. वडिलांनी घालून दिलेला एक नेम होता. सकाळी समोशाचा पहिला घाणा कढईतून निघाला, की त्यातला एक मालकाने गिऱ्हाइकांसमोर उभ्या उभ्या खायचा आणि मगच विक्रीला सुरुवात करायची. तहसीलच्या कामाला आलेली माणसं, जीपचे ड्रायव्हर, बाजारकरी, सगळे त्या एका समोशाकडे बघत थांबायचे. आप्पा डोळे मिटून चावायचे आणि मान हलवायचे, की ताटल्या पुढे सरकायच्या. मान हलली नाही तर तो सगळा घाणा मागे जायचा. मी शाळेत मास्तरीण होते, मुलांना नियम शिकवण्यात माझा जन्म गेला. पण स्वतःचा नियम स्वतः इतका निमूट पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

छातीत कळ आली ती नेमकी बाजाराच्या दिवशी. लातूरला नेलं, स्टेंट बसवले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, तळलेलं बंद म्हणजे बंद. आप्पा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मग माझं हॉटेलच बंद की." डॉक्टर म्हणाले, हॉटेल चालू ठेवा, तोंड बंद ठेवा. इतक्या दिवसांत वहिनी पहिल्यांदा हसल्या. आप्पा हसले नाहीत. परतताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते, आणि केजच्या वेशीत आल्यावर मला म्हणाले, "सुमे, मालकच खात न्हाई म्हणल्यावर लोकांनी कावून खावं?" मी गोळ्यांची पिशवी घट्ट धरून बसले.

उपाय सुनेने काढला. प्रियंका, महेशची बायको, लातूरची, शिकलेली. तिने एअर फ्रायर मागवला. आप्पा त्या यंत्राभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "कढई कुटं हाय ह्याला?" प्रियंकाने पहिल्या दिवशी केलेले समोसे खरोखरच वाईट होते. आप्पांनी एक तोडून पाहिला आणि म्हणाले, "पोरी, ह्याची चप्पल लई टिकंल." ती बिचारी रडकुंडीला आली. पण दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतःच पीठ मळायला बसले. त्यांचं गणित मी ओळखलं. तेलाशिवायचा समोसा जमला तर सकाळी गिऱ्हाइकांसमोर खायला काहीतरी राहणार होतं. वडिलांचा नेम मोडणार नव्हता आणि डॉक्टरांचाही.

आणि जमला की! आठवडाभर खटपट करून त्यांनी असा समोसा काढला, की चावताना कुर्रकन आवाज यायचा. पापुद्रा सुटलेला, खस्ता. आम्ही सगळ्यांनी खाल्ला, शेजाऱ्यांना दिला. प्रियंकाने माहेरी फोटो पाठवले. आप्पा सकाळी हॉटेलात एक खायचे, दुपारी घरी दोन-तीन खायचे, संध्याकाळी पुन्हा. मशीनचं आहे म्हटल्यावर कुणी हात धरायचं कारणच नव्हतं. काही महिने असे मजेत गेले... मग लातूरला तपासणीला गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. रक्तातली चरबी कमी व्हायची ती वाढली होती. "तळलेलं खाताय," ते म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आप्पांनी सदऱ्याच्या आत हात घातला, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "एक थेंब न्हाई साहेब. ह्याच्यावर हात ठिवून सांगतो." आम्ही लिंगायत, त्या मुठीनंतर पुढे विचारायचं नसतं. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि गोळी वाढवली.

त्या दिवसापासून घरातली हवाच बदलली. विचारायचं नसलं तरी विश्वास कुणाचाच बसत नव्हता. वहिनी त्यांच्या सदऱ्याचा वास घ्यायच्या. पण कढईपुढे उभं राहणाऱ्या माणसाच्या सदऱ्याला दुसरा कुठला वास येणार? महेश बापाशी बोलेना. जेवताना ताटल्यांचा आवाज तेवढा यायचा. आप्पांना सगळं कळत होतं. जो माणूस खोटं बोलत नाही, त्याच्याकडे घरची माणसं चोरासारखी बघायला लागली तर तो कसा वागेल? आप्पा वागायचेच नाहीत, नुसते बसून राहायचे. शेवटी महेशने मला गळ घातली, "आत्या, तुमी गल्ल्यावर बसा. तुमच्यासमोर ते खायचे न्हाईत." मी रोज सकाळी जाऊन बसू लागले. आप्पा म्हणायचे, "आल्या बघा इनिसपेक्टर." त्यांचा सूर थट्टेचा असायचा, पण ते माझ्याकडे बघायचे नाहीत.

मी शाळेत कॉपी पकडणारी बाई. चहाची टोकनं देता देता माझा एक डोळा कायम त्यांच्यावर असायचा. आप्पा घाणे काढायचे, झाऱ्यावर समोसे निथळवायचे, परातीत ओतायचे... आणि सकाळचा तो मशीनचा एक सोडला तर एकदाही बोट तोंडाकडे न्यायचे नाहीत. मिठाचा अंदाजसुद्धा वासावर घ्यायचे. पुन्हा रक्त तपासलं. पुन्हा तेच. मला झोप लागेना. हा माणूस खात नाही हे मी शपथेवर सांगू शकत होते, आणि रक्त शपथेवर उलट सांगत होतं.

उलगडा झाला तो घरच्या स्वयंपाकघरात. एका रविवारी मी सहज गेले तर आप्पा खाली बसून मशीनच्या समोशाचं पीठ भिजवत होते. मैद्यात त्यांनी कडकडीत तेलाची वाटी ओतली, मग दुसरी ओतली, मग अंदाजाने आणखी थोडं. मैदा मुठीत दाबून मुटका बांधला जातो का ते बघितलं. मी विचारलं, "आप्पा, हे काय घातलंत?"

"मोहन."

"एवढं?"

"कढईत जे काम तेल करायचं, ते आता पिठालाच करावं लागतंय. म्हणून दुप्पट. त्याबिगर खस्ता हुतंय व्हय?"

"अहो, मग ते तेलच झालं ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच अडाणी. "तेल कढईत असतंय, सुमे. ह्ये मोहन हाय."

मला आधी हसू आलं. जन्म कढईपुढे गेलेल्या माणसाच्या लेखी तेल म्हणजे ज्यात तळतात ते. पिठात गेलं की ते मीठ-ओव्यासारखं पिठाचंच झालं, त्याला तेल कोण म्हणतं? फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. पण माझा चेहरा बघून त्यांना हळूहळू उमजत गेलं. पिठातला हात पिठातच राहिला. "म्हंजे," ते अगदी हळू म्हणाले, "मी लिंगावर हात ठिवून खोटं बोललो?" प्रियंका दारात उभी होती. तिला रडू फुटलं. रोज तिनेच तर ते समोसे वाढले होते. वहिनीही रडल्या, पण त्यांचं रडणं वेगळं होतं. नवरा लबाड नाही, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं. आप्पांनी मात्र ते पीठ तसंच झाकून ठेवलं आणि दिवसभर अन्न घेतलं नाही.

त्यानंतर त्यांनी केलेला समोसा खरा कोरडा. मोहन चमचाभर, मैद्याऐवजी गहू आणि ज्वारीचं पीठ, वरून तेलात बुडवलेल्या फडक्याचा नुसता हात. कडेने तडे जायचे, कोरडा ठणठणीत, घासाबरोबर पाणी लागायचं. आप्पांना तो अजिबात आवडत नव्हता. मला माहीत आहे, कारण चावताना ते आता डोळे मिटत नसत. तरी रोज पहिला घाणा निघाला की तो खायचे. गिऱ्हाइकांत कुजबुज सुरू झाली. काही जण समोरच्या हॉटेलात जाऊ लागले. निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी दहा-वीस माणसं घेऊन आला. त्याने कढईतला गरम समोसा मोडला आणि अर्धा आप्पांच्या तोंडासमोर धरला. "घ्या आप्पा. तुमी खाल्ल्याबिगर आमी कसं खावं?" सगळं हॉटेल थांबलं. वाफ आप्पांच्या चेहऱ्यावर येत होती. मी गल्ल्यामागून अर्धी उठले होते... त्यांच्या नाकपुड्या हललेल्या मला दिसल्या. मग ते म्हणाले, "साहेब, माझ्या छातीत स्प्रिंगा हायेत. ह्यो तुमचा, ह्यो माझा. दोन्ही माझ्याच हातचे." आणि आपला कोरडा समोसा उचलून चावू लागले. पुढाऱ्याने मोठेपणाने म्हटलं, मलाही तुमचाच द्या. दिला. दोन घासांनंतर त्याने पाणी मागितलं, तेव्हा कुठे लोक हसले आणि मी खाली बसले.

पुढचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी पाठ थोपटली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, महेश बापाशी बोलू लागला... आणि काही आठवड्यांनी, सकाळी गल्ल्यावर बसून मी अंबाजोगाईला गेले त्या दिवशी, दुपारी हॉटेलातून येऊन जरा आडवे झालेले आप्पा उठलेच नाहीत. मातीला आलेली माणसं हळू आवाजात बोलत होती, पण बायकांच्या घोळक्यात ऐकू येतंच. कुणी म्हणे, ते मशीनचं खाऊन गेले. कुणी म्हणे, हॉटेलवाल्याचं तोंड बंद राहतंय व्हय, चोरून खात असतील. पहिलं वाक्य प्रियंकाला लागलं. दुसरं वहिनींना. मला दोन्हींचा संताप आला, पण प्रेताजवळ भांडता येत नाही.

आप्पा ओट्यापाशी पाटावर बसून पीठ मळायचे. तो पाट अजून तिथेच भिंतीला लागून आहे. कुणी त्यावर बसत नाही, कुणी उचलतही नाही; प्रियंका फरशी पुसताना त्याच्या कडेने फडकं फिरवते. परवा मी, वहिनी आणि प्रियंका तिथेच चहा घेत बसलो होतो. वहिनींनी कप खाली ठेवला. "ताई, एक इचारू? तुमी तिथं बसायचात. मला वाईट वाटंल म्हणून लपवू नका. त्यांनी शेवटी शेवटी... कढईतला एखादा तरी खाल्ला हुता का?"

मी वहिनींचा हात धरला. निदान हे ओझं तरी मला उतरवता येणार होतं. "नाही वहिनी," मी म्हणाले, "मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. एकसुद्धा नाही खाल्ला. शेवटपर्यंत नाही."

वाटलं, आता त्यांना हलकं वाटेल. वहिनी पाटाकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाशी नेत म्हणाल्या, "मग देयाला पायजे हुता की वो एक... गरम गरम."