सुभेदारांचा गार चहा

दंडावर डास बसला तरी सुभेदार हात हलवायचे नाहीत. खिशातली काचेची नळी काढून डास अलगद आत ओढायचे आणि कापसाचा बोळा लावायचे. विश्रामबागच्या आमच्या प्रयोगशाळेत मी नवी असताना एक डास फटकन मारला, तर माणूस दुखावलाच. म्हणाले, "आवं मॅडम, मारल्यावर कोन सांगनार, कुनाचं रगत पिऊन आली ती?" चावते ती मादी, म्हणून त्यांचे सगळे डास 'ती'.

सुभेदार हे आमचं नाव. फौजेत ते नाईकच होते. तिथून परतल्यावर आमच्याकडे डास गोळा करायच्या नोकरीला लागले. रुबाब असा, की बढती आम्हीच देऊन टाकली. खोड एकच. चहा आला की बोलणं बंद. वाक्य अर्ध्यात टाकून कप उचलायचे.

संध्याकाळी गोठ्यांत पकडलेले डास सकाळी माझ्या टेबलावर ठेवून ते समोर बसून राहायचे. पोटातलं रक्त म्हशीचं निघालं की चेहरा पडायचा, बगळ्याचं निघालं की खुर्ची पुढे सरकायची. मेंदूज्वराचा विषाणू बगळ्याच्या रक्तात वाढतो, बगळ्याला मात्र काही होत नाही. त्याला चावलेला डास पुढे माणसाला चावला की आजार माणसात येतो. हा बगळा कुठल्या तळ्यावरून आला असेल, याचा विचार ते तासभर करू शकत. "बगळा म्हंजे डाकवाला," म्हणायचे, "पिशवीत काय हाय, त्येला तरी कुठं ठावं?"

आष्ट्याजवळच्या एका गावात सात वर्षांच्या मुलीला मेंदूज्वर झाला. तिच्या घरामागच्या चिंचेवर बगळ्यांची घरटी होती आणि पलीकडे डासांची पैदास होणारं सांडपाण्याचं मोठं डबकं. सुभेदारांनी चावडीवर सभा घेतली. बगळ्याचं सांगून झालं, आता डबक्याचं सांगायचं, तेवढ्यात चहा आला. त्यांनी कप उचलला आणि सभा पांगली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर चिंचेचा नुसता बुंधा उरला होता. पिल्लं चिखलात मरून पडली होती. मोठे बगळे आसपासच्या चार गावांत पांगले होते आणि डबकं होतं तिथंच होतं. पहिली कुऱ्हाड मुलीच्या बापानं घातली होती. मला त्याचा संताप आला. सुभेदार म्हणाले, "त्येचं काय चुकलं? अर्धंच सांगितलं मी." मग त्यांनी फावडं मागून घेतलं आणि त्या बापाबरोबर दिवसभर चर खणून डबक्याला वाट करून दिली.

मुलगी वाचली, पण एका पायानं लंगडत घरी आली. सुभेदार चारही गावांत गेले. प्रत्येक सभेत डबक्यापासून सुरुवात करायचे. चहावर साय धरायची, तरी कपाला हात लावायचे नाहीत. निवृत्तीनंतरही त्या मुलीच्या गावी त्यांनी दरवर्षी सभा घेतली.

गेल्या वर्षी सुभेदार गेले. मला त्यांची फार आठवण येते. परवा त्याच गावात सभेला मी एकटी उभी राहिले. चिंच पुन्हा फुटली आहे, वर दोन घरटी आहेत. मी बगळ्यांचं बोलत होते, तोच एक कॉलेजातली मुलगी किंचित लंगडत चहा घेऊन आली. मी सवयीनं हात पुढे केला. तिनं कपावर बशी झाकली आणि कप बाजूला ठेवला.

"आदी डबक्याचं सांगा मॅडम," ती म्हणाली. "सुभेदार आजोबा तवर चहा घेत न्हवते."