काकूच्या ब्लाउजची डावी बाजू

आता हे मी तुम्हाला सांगायचं नव्हतं. काकूनं मला तुळशीपुढं उभं करून कबूल करून घेतलंय, की ही गोष्ट आपल्या दोघींतच राहील. पण तुम्ही केजला राहत नाही आणि आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंनाही ओळखत नाही. मग काय बिघडतंय? घोडचूक माझी, तर सांगायचा हक्कही माझाच!

तशी मी बोलणारी नव्हे. पाहुणे आले की मी दाराआड. पण नजर बारीक, आणि टाका त्याहून बारीक. नववीत शिवणकामात माझा पहिला नंबर आला. सगळा घोटाळा त्या नंबरामुळेच झाला.

आमच्या काकूची मान आणि पाठ कायम दुखायची. छातीचा भारच तेवढा होता. खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ पडलेले. फोटोत ती नेहमी मागच्या रांगेत, वाकून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. शेवटी काका तिला पुण्याला घेऊन गेले आणि तो भार कमी करायचं ऑपरेशन झालं. गल्लीत मात्र सांगितलं, ‘पाठीचं ऑपरेशन.’ त्यामुळे भेटायला येणारी प्रत्येक बाई पाठीला चोळायचं तेल घेऊन आली. अकरा बाटल्या जमल्या आमच्याकडे!

पाठदुखी गेली, पण काळजी आरशात जाऊन बसली. व्रण अजून लाल कसे? दोन्ही बाजू सारख्या आहेत ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सूज पुरती उतरायला काही महिने लागतात, व्रण फिके व्हायला वर्षही लागेल. काकूला ते रोज सकाळी उठल्यावर फिके झालेले हवे असायचे.

नवी साडी नेसून ती कपाटाच्या आरशापुढं उभी राहायची आणि मला हाक मारायची.

“सुमे, तुझी नजर बारीक हाय. एक बाजू खाली दिसती का गं?”

“नाही.”

“नीट बघ की!”

“काकू, तूच खांदा वाकडा केलायस.”

अशात काकांच्या भाचीचं लग्न निघालं. काका मामा, म्हणजे काकू मामी. मामीचा मान मोठा! शिवाय आमच्या नात्यात पहिल्यांदाच व्हिडिओ शूटिंग होणार होतं. काकू मला हळूच म्हणाली, “सुमे, यंदा मी पुढं उभी ऱ्हाणार. ताठ.” असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

मग ब्लाउज शिवायचा ठरला. आमच्याकडे शिंप्यापुढं उभं राहून कुणी माप देत नाही. अंगाला नीट बसणारा जुना ब्लाउज मापाला पाठवायचा. पण काकूचे जुने ब्लाउज आता पोत्यासारखे ढगळ झालेले. तिनं त्यातला एक घेतला, दोन्ही कडांना कच्चे टाके घालून अंगाबरोबर केला आणि माझ्या हाती दिला. “सत्तारचाचाला दे. बोलू काय नको.”

मी टाके बघितले. अरे देवा! गोणपाट शिवल्यासारखे लांबलचक! शिवणात पहिली आलेली मुलगी असं काही गावभर मिरवेल का? मी ते सगळे उसवले आणि नव्यानं बारीक, सुरेख टीप घातली. उजवी बाजू झाली आणि लाइट गेली. डावी मी अंदाजानं शिवली. आपला अंदाज कधी चुकतो का?

सत्तारचाचांची ख्याती अशी, की नमुन्यात असेल तेच नव्या कपड्यात येणार. केसभर फरक नाही.

लग्नाला दोन दिवस उरले असताना ब्लाउज आला. काकू खोलीत गेली. बाहेर आली ती रडतच. “सुमे, डावीकडं आवळतंय, हूकच लागंना! एकच बाजू सुजली गं. मी न्हाई जात लग्नाला.”

आम्ही थेट एसटीडी बूथ गाठला. डॉक्टरीणबाईंचा नंबर लागला, तशी काकूनं पदर तोंडात धरला आणि फोन माझ्या हातात कोंबला. माझ्या! ज्या मुलीला वर्गात हजेरी देताना घाम फुटतो तिच्या!

“कोण बोलतंय? ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला!”

मी डोळे मिटले आणि ओरडले, “माझ्या काकूचं छातीचं ऑपरेशन केलंत ना, तिची डावी बाजू सुजलीय!”

बाकावर नंबर लावून बसलेले चौघे माझ्याकडं वळले. बूथवाल्यानं रेडिओ बंद केला!

“ताप आहे? लाली, दुखणं?”

काकूनं मान हलवली. “नाही!” मी परत ओरडले.

“मग सूज आहे कशावरून?”

“ब्लाउज बसत नाही!”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “टेपनं अंगाचं माप घ्या. कपड्याचं नको. फरक वाटला तर लगेच इकडं या.”

घरी काकूनं दार लावून माप घेतलं आणि गोंधळून बाहेर आली. “दोन्हीकडं सारखंच हाय की गं!”

तेव्हा कुठं माझी बारीक नजर जागी झाली. मी मापाचा ब्लाउज उलटा केला. डावीकडं माझी सुरेख टीप चांगली दोन बोटं आत धावलेली!

मी सगळं कबूल केलं आणि गाल पुढं केला. काकूनं ब्लाउज बघितला, मला बघितलं आणि मटकन खाली बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. “पुण्याच्या बाईनं एवढं कापलं-शिवलं, तरी दोनी बाजू सारख्या. अन् तुला एक ब्लाउज जमंना!”

सत्तारचाचांना तिनं सांगितलं, “माझाच हात वाकडा गेला.” चाचा म्हणाले, “मला वाटलं, माप तसंच असंल. कुणाच्या अंगाला मी कशापायी नाव ठेवू?” आणि दुसऱ्या दिवशी ब्लाउज नीट करून दिला.

पण बूथवरची बातमी लग्नात आमच्या आधी पोचली होती. मांडवात काकूच्या एक चुलत जाऊबाई मोठ्यानं म्हणाल्या, “काय गं, पाठीचं म्हणत होतीस, अन् ऐकलं ते भलतंच!”

मला वाटलं, झालं! आता काकू मागच्या रांगेत जाणार.

काकूनं पदर सारखा केला. ताठ झाली. “छातीचंच केलं. भार लई होता, कमी केला. पाठ आपोआप बरी झाली. इचारा काय इचारायचं ते!”

जाऊबाईंनी इकडंतिकडं बघितलं. मग त्याच जाऊबाई जवळ सरकल्या. “त्या बाईचा पत्ता दे की. माझी बी मान लई दुखती.” बघता बघता तिच्याभोवती चार बायका! आणि कॅसेटमध्ये बघाल तर पहिल्या रांगेत मधोमध कोण? आमची काकू!

ती म्हणते, “तू ओरडली नसतीस तर मी अजून तेलाच्या बाटल्या मोजत बसले असते.” म्हणजे या विजयात माझाही वाटा आहेच की नाही? आणि माझा टाकाही आता सुधारलाय बरं का. कालच आईला उशीचा अभ्रा शिवून दिला. चारही बाजूंनी अशी पक्की टीप घातलीय की...

“सुमे! चारी बाजूंनी शिवलास व्हय गं अभ्रा? उशी कुठनं घालू आत? आधी हिकडं ये!”

आले, आई! तर मी काय सांगत होते, त्या चौथ्या बाजूचं असं झालं, की मी...